बाईने स्वतः घेतलेला नमुना खोटा कसा?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी बाईने आपला नमुना आपणच घ्यावा, असे म्हटले की पहिली हरकत ठरलेली असते: "तुमच्या वस्तीतल्या बायकांना हे जमणार नाही." बोलणारा शिकलेला असतो, भाषा विज्ञानाची असते, पण समज जुनाच आहे. आमच्या बाईच्या हातचे पाणी चालत नव्हते, आता तिच्या हातचा नमुना चालत नाही. आम्ही ही हरकत साफ नाकारतो.

विज्ञान काय म्हणते ते बघा. हा कॅन्सर जवळपास नेहमीच एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि त्याचा डीएनए योनीतल्या नमुन्यातही सापडतो. त्यामुळे काडी गर्भाशयाच्या मुखापर्यंत न्यावी लागत नाही. आडोशाला जायचे, काडी आत घालून फिरवायची, नळीत ठेवायची. जगभरातले अभ्यास एकत्र तपासून 2018 साली निष्कर्ष निघाला की पीसीआर पद्धतीच्या चाचणीत बाईने घेतलेला नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याइतकाच रोग पकडतो. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली. ऑस्ट्रेलियात 2022 पासून तपासणीला पात्र प्रत्येक बाईला हा पर्याय आहे. तिथल्या बाईला जमते आणि इथे कापूस वेचणारीला जमत नाही?

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. त्याच अभ्यासांत पीसीआर नसलेल्या काही एचपीव्ही चाचण्या अशा नमुन्यावर कमी पडल्या. पॅप स्मिअरला तर हा नमुना चालतच नाही, त्याला मुखावरच्या पेशी लागतात. उद्या कोणी स्वस्तातली चाचणी घेऊन वस्तीत येईल, रोग निसटेल आणि खापर बाईच्या हातावर फुटेल. तेव्हा "नमुना कोणी घेतला" याआधी "चाचणी कोणती केली" हे विचारा.

एचपीव्ही चाचणीने जीव वाचतात याचा मोठा पुरावा तर मराठवाड्यातलाच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. नमुने तेव्हा आरोग्यसेविकांनी घेतले होते. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ज्या 31 हजारांवर बायकांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवले, त्यांतल्या 64 जणी या कॅन्सरने गेल्या. हा अहवाल 2009 साली छापून आला, जगाने त्यावरून धोरणे आखली. आणि आपल्याकडे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीही या कॅन्सरसाठी कधी तपासणी झालेली नव्हती. ज्यांच्या शरीरावर पुरावा उभा राहिला, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत चाचणी पोहोचवायला पैसा नाही म्हणतात.

आमची खरी काळजी नमुन्यानंतरची आहे. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक संसर्ग आपोआप जातात. पुढची तपासणी करून, गरज असेल तर मुखावरचा खराब भाग जाळून किंवा गोठवून काढता येतो. पण हे बाईला कोण सांगणार? बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढल्याचे प्रकरण 2019 साली राज्यभर गाजले. अंगावरून पांढरे जाते म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेतले गेले. असा अर्धवट समजावलेला रिपोर्ट अशा डॉक्टरच्या हाती लागला, तर काय होईल ते सांगायला नको.

1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी बाबासाहेब बोलले, तेव्हा हा भार सरकारनेही उचलावा असे त्यांचे म्हणणे होते. आमची मागणी त्याच वाटेची आहे. पीसीआर चाचणी फुकट, रिपोर्ट बाईच्या हातात मराठीतून, आणि उपचार तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात.

यंदा जयंतीच्या आरोग्य शिबिरात कोणी संस्था काड्या वाटायला आली, तर मंडळाच्या पोरांनी आधी लेखी विचारावे: चाचणीचे नाव काय, लॅब कोणती, रिपोर्ट किती दिवसांत, पॉझिटिव्ह आलेल्या बाईला कुठे नेणार आणि गाडीभाडे कोण देणार. उत्तर आले नाही तर मंडप देऊ नका.