पॉलिस्टरवर एन्झाइम: 'प्लास्टिक खाणारं' तंत्रज्ञान तुमच्या जर्सीचं नक्की काय करतं?

'प्लास्टिक खाणारा जीवाणू सापडला!' असे रील्स तुमच्याही फीडमध्ये येऊन गेले असतील. मूळ बातमी खरी आहे. जपानच्या साकाई शहरात सापडलेल्या 'इडिओनेला साकायेन्सिस' या जीवाणूवरचा शोधनिबंध २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. हा जीवाणू एन्झाइमच्या मदतीने पीईटी प्लास्टिक तोडतो. बाटलीचं पीईटी आणि जर्सीचं पॉलिस्टर रासायनिकदृष्ट्या एकच. मग एन्झाइमने कपडे सुधारता येतील का? येतील, पण रील्स सांगतात तसं नाही.

अडचण काय आहे?

पॉलिस्टरचं पाण्याशी पटत नाही. साधारण दमट हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून घाम शोषला जात नाही आणि तेलकट डाग चिकटून बसतात. यावरचा जुना उपाय म्हणजे गरम कॉस्टिक सोडा. त्याने कापड मऊ होतं, पण धागा झिजतो, वजन घटतं आणि मागे उरतं तीव्र अल्कलीचं सांडपाणी.

एन्झाइम काय करतं?

झाडाच्या पानावर क्युटिनचा मेणचट थर असतो. क्युटिन हे निसर्गातलं पॉलिस्टरच! पानात शिरण्यासाठी काही बुरशी क्युटिनेझ नावाचं एन्झाइम सोडून हा थर तोडतात. तेच एन्झाइम कापडावर वापरलं, की धाग्याच्या पृष्ठभागावरचे एस्टर बंध तुटतात आणि तिथे पाण्याला ओढणारे रासायनिक गट तयार होतात. एन्झाइमचा रेणू मोठा असल्याने तो धाग्याच्या आत शिरू शकत नाही. त्यामुळे वरचा थर बदलतो, आतली ताकद बहुतांशी शाबूत राहते.

हीच मर्यादा रिसायकलिंगमध्ये आडवी येते. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी १० तासांत ९० टक्के पीईटी तोडून दाखवलं. पण त्यासाठी ७२ अंश सेल्सिअस तापमान लागलं, शिवाय प्लास्टिकवर आधी प्रक्रिया करून त्याची घट्ट रचना सैल करावी लागली. कापडाच्या धाग्यातली रचना तर ओढून-ताणून आणखी घट्ट केलेली असते.

मग अडलंय कुठे?

माझ्या मते, पैशात. कॉस्टिक सोडा स्वस्त आहे आणि झटपट काम करतो. एन्झाइम महाग आणि सावकाश. जीन्सचं उदाहरण बघा. स्टोनवॉशसाठी दगडांऐवजी सेल्युलेझ एन्झाइम १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पसरलं, कारण दगडांनी होणारी मशीनची झीज आणि त्यांचा कचरा वाचला. म्हणजे कारखान्याचा फायदा दिसला!

पॉलिस्टरमध्ये मोठा फायदा सांडपाण्यात आहे, आणि तो खर्च अनेकदा कारखान्याऐवजी नदीच्या वाट्याला जातो. इचलकरंजीच्या प्रोसेसिंगमध्ये सूती कापडाचं काम जास्त, तरी पंचगंगेच्या प्रदूषणाचा वाद याच हिशोबाचा आहे. पाणी शुद्ध करण्याचा खर्च खरोखर वसूल झाला, तर एन्झाइमचं गणित बदलू शकतं.

खरेदी करताना

'एन्झाइम ट्रीटेड' किंवा 'बायो फिनिश' असं लेबल दिसलं, तर त्याचा अर्थ 'कपडा मातीत कुजेल' असा घेऊ नका. आतला धागा प्लास्टिकचाच आहे, आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जाणारच. कंपनीला दोनच गोष्टी विचारा: कुठलं रसायन वाचवलं, आणि किती पाणी? उत्तर आकड्यात मिळालं नाही, तर त्या लेबलसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.