मोजलेला माल, न मोजलेली माणसे

वाशीमच्या मुलाने बुडालेल्या बोटींवर लिहावे, याचे काहींना हसू येईल. आमच्याकडे पाणी म्हणजे पैनगंगा, अरुणावती आणि उन्हाळ्यातला टँकर. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पण आमचा कापूस त्याच वाटेने गेला. कारंज्याहून आता बंद पडलेल्या 'शकुंतला' गाडीने मूर्तिजापूर, तेथून मुंबई, मग विलायत. गाठींचे वजन होई, कागद होई. माझ्या वडिलांना अक्षरओळख नाही. तरी काट्यावरचा आकडा ते चुकू देत नाहीत.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' ही मालवाहू बोट फुटली. तिच्यावर कापूस होता, सुमारे १४०० टन स्फोटके होती, आणि सोन्याच्या विटा होत्या. विटा किती? १२४. माणसे किती मेली? कोणी आठशे सांगते, कोणी तेराशे!

मग १७ जुलै १९४७. 'रामदास' ही प्रवासी आगबोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढी अमावास्येच्या तोंडावर गावी जाणाऱ्यांची गर्दी, पावसाळी समुद्र. काशाच्या खडकाजवळ लाटेने पाणी आत आले, घाबरलेली माणसे एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. पुस्तके खडकाचे नाव घेतात, पण बोट खडकावर आदळून फुटली नव्हती. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हते. वाचलेले लोक किनाऱ्याला लागले तेव्हा मुंबईला कळले. कोळ्यांनी होड्यांतून कित्येकांना वाचवले, हे मुद्दाम सांगतो, कारण तेही फारसे कोणी सांगत नाही. बुडालेल्यांचा आकडा? ६२५, ६९०, काही ठिकाणी त्याहून अधिक. महिन्याभरात स्वातंत्र्य आले आणि 'रामदास' मागे पडली. शाळेच्या इतिहासात मला ती कधी भेटली नाही.

समुद्राला, खडकाला किंवा नशिबाला दोष देणे सोपे आहे. मला राग येतो तो आकड्यांचा. गाठ हरवली तर मालक भरपाई मागतो, म्हणून गाठ मोजतात. शेतमजुराची, चाकरमान्याची भरपाई मागणारा कोण होता?

कोणी म्हणेल, हे जुने झाले. आमच्या गावाहून कॉलेजला येणारी काळी-पिवळी नऊ जणांची. रोज सतरा-अठरा बसतो, पावसात काचा लावून. मागे सोयाबीनची पोती असली तर ती मात्र मोजून चढवतात, आणि त्यांचे भाडे वेगळे लिहून घेतात.