गाळणीत उरलेल्या कोळशाचं काय?

बीएस्सीवाल्यांनो, तो कोळशाचा प्रयोग आठवतोय? ॲसिटिक ॲसिडमध्ये कोळसा टाकायचा, हलवायचा, गाळायचा, टायट्रेशन करायचं, आलेख काढायचा आणि जर्नलवर सही घ्यायची. ॲसिड कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटतं, हेच अधिशोषण. पण गाळणीत उरलेल्या कोळशाचं काय करायचं, हे व्हायवात कुणीच विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

हाच खेळ मोठ्या प्रमाणावर आपल्या शेजारी चालतो. भुसावळ-सुरत लाइनवर नवापूर सोडलं की पुढे व्यारा लागतं. त्या भागात तापीकाठी काकरापार अणुवीज केंद्र आहे. 220 मेगावॉटच्या दोन जुन्या भट्ट्या आणि 700 मेगावॉटच्या दोन नव्या. आपल्याकडे त्यावर बोलणं होतं ते दोनच सुरांत: 'बापरे, किरणोत्सर्ग!' नाहीतर 'शास्त्रज्ञ आहेत ना, बघतील.' (तापी आपल्याकडून तिकडे वाहते, एवढं तरी घाबरवणाऱ्यांनी नकाशात बघावं.)

अशा भट्टीतलं जड पाणी रेझिनच्या बारीक मण्यांतून सतत फिरवून शुद्ध ठेवतात. कचऱ्याच्या पाण्यातलं सीझियम-137 पकडायला झिओलाइटही चालतं. या सच्छिद्र खनिजाच्या जाळीतून सोडियम बाहेर पडतं आणि त्याच्या जागी सीझियम बसतं. पुस्तकी भाषेत हा आयन-विनिमय. इंग्लंडमध्ये सेलाफील्डला क्लिनॉप्टिलोलाइट 1985 पासून हेच काम करतंय. त्याच्यासारखीच रचना असलेलं ह्युलँडाइट आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये सापडतं, आणि आपण ते शोकेसमध्ये ठेवायला विकतो! भाभा अणुसंशोधन केंद्राने तर सीझियमसाठी रिसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं खास रेझिन स्वतः तयार केलं आहे.

पण पकडलं म्हणजे संपलं का? अजिबात नाही. टाकीभर पाण्यातला धोका एका डब्यात आला, हा फायदा मोठाच. पण आता तो डबा सांभाळायचा. सीझियमचं अर्धआयुष्य सुमारे 30 वर्षं, म्हणजे आज पकडलेल्याचा आठवा भाग 90 वर्षांनंतरही शिल्लक असणार. फुकुशिमाच्या 2011 च्या अपघातानंतर तळघरांत झिओलाइटच्या गोण्या टाकल्या होत्या. त्या गोण्याच आता इतक्या किरणोत्सारी झाल्यात की उचलायला दूरनियंत्रित यंत्रं लागतात. आणि ट्रिटियम तर या गाळण्यांत अडकतच नाही, कारण ते पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन बसतं.

म्हणून 'नवा पदार्थ 99 टक्के सीझियम शोषतो' असं कुठे वाचलंत, तर लगेच टाळ्या वाजवू नका. भरलेला पदार्थ सिमेंटमध्ये किंवा काचेत पक्का बसतो का? किरणोत्सर्गाने तो स्वतःच फुटतो का? सोडियमच्या गर्दीत सीझियम नेमकं ओळखतो का? काकरापारवाल्यांनाही हेच विचारा: वापरलेलं रेझिन कुठे ठेवता, किती वर्षं? नागरिक म्हणून हा प्रश्न विचारायला केमिस्ट्रीची डिग्री लागत नाही.

आणि एमएस्सीला प्रोजेक्ट करणाऱ्यांनो, लिंबाच्या सालीने मिथिलीन ब्लू शोषून झालं असेल, तर स्थिर, म्हणजे किरणोत्सर्गी नसलेल्या सीझियमच्या क्षारावर काम करून बघा. रसायन तेच राहतं. फक्त आलेखापाशी थांबू नका. वापरलेल्या पदार्थाचं काय केलं, यावर एक पान लिहा. गाईड म्हणतील, सिलॅबसमध्ये नाही. तरी लिहा.