शून्य किलोमीटर कुठे?

पुणे-सातारा रस्त्याच्या सहापदरीकरणाचे कागद ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना साखळी क्रमांक ७२५ ते ८६५.३५० हे आकडे पाठ असतील. साताऱ्याच्या टोकाला ७२५, देहूरोडकडे ८६५. त्याच्या खालचा कागलपर्यंतचा टप्पा ५९२.७०५ ते ७२५. आकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत येतात, कारण या मोजणीचा शून्य बंगळूरला आहे. हा जुना राष्ट्रीय महामार्ग ४. केंद्राने २०१० साली देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले, तेव्हा तो ४८ झाला. नव्या ४८ चे वर्णन सुरू होते दिल्लीपासून आणि जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, कोल्हापूर, बंगळूर असे करत चेन्नईला संपते. म्हणजे मार्ग उत्तरेकडून खाली येतो आणि त्याच मार्गावरची मोजणी खालून वर जाते. क्रमांक बदलून पंधरा वर्षे उलटली तरी शून्य जागचा हललेला नाही.

२०१० च्या योजनेबद्दल आमचे मत अनुकूल आहे. जुने क्रमांक रस्ते जाहीर होतील तसे पडत गेले. मधे शाखा फुटली की ४ए, ४बी अशी अक्षरे लागत गेली. आकड्यावरून रस्ता देशाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे याचा पत्ता लागत नसे. नव्या योजनेत उत्तर-दक्षिण मार्ग सम आकड्यांचे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम मार्ग विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. तीन आकडी क्रमांक आला की शेवटचे दोन आकडे मूळ मार्गाचे. बेळगाव-पणजी रस्ता ७४८ आणि जेएनपीटीकडे जाणारा ३४८, हे दोन्ही ४८ चे फाटे आहेत हे पाटी पाहूनच कळते. महाराष्ट्रातले पूर्व-पश्चिम मार्ग वरून खाली वाचून पाहा: जळगाव-अकोला-अमरावती-नागपूरचा ५३, माळशेज घाटातून अहिल्यानगर आणि पुढे परभणी-नांदेडकडे जाणारा ६१, पुणे-सोलापूर-हैदराबादचा ६५. क्रम बरोबर लागतो. उभ्या मार्गांत नागपूरचा ४४ आणि कोकणचा ६६ आपापल्या जागी आहेत. मधे मात्र नियमाला तडा जातो. धुळे-सोलापूरचा ५२ आणि पुणे-नाशिक-धुळ्याचा ६० हे ४८ च्या पूर्वेला पडतात. ४८ दिल्लीहून मुंबईपर्यंत नैर्ऋत्येला उतरतो आणि तिथून चेन्नईसाठी आग्नेयेला वळतो, त्याला एका उभ्या रेषेत बसवणे शक्यच नव्हते. इतकी सूट कोणत्याही जाळ्याला द्यावी लागते.

खरी अडचण दुसरीकडे आहे. नवे आकडे जुन्याच आकड्यांवर बसवले गेले. आज राष्ट्रीय महामार्ग ४ शोधाल तर तो अंदमानात सापडेल. मुंबई-आग्रा रस्त्याचा ३ आता अटारीहून मनालीमार्गे लेहला जातो. धुळे-नागपूरवाल्यांचा ६ मेघालय-मिझोराममध्ये आहे, मुंबई-गोव्याचा १७ सिलिगुडीजवळून गुवाहाटीकडे जातो आणि पुणे-नाशिकचा ५० नांदेडहून बिदर-कलबुर्गीमार्गे चित्रदुर्गाला. अमेरिकेने हा पेच आधीच ओळखला होता. तिथे १९२६ पासून यू.एस. मार्गांचे आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत होते. पन्नासच्या दशकात इंटरस्टेट महामार्ग आखले, तेव्हा तिथल्या अभियंत्यांनी दोन्ही दिशा उलट्या केल्या, म्हणजे एकाच आकड्याचे दोन मार्ग एकाच मुलखात येऊ नयेत. इंटरस्टेट ५० हा क्रमांक त्यांनी वापरलाच नाही, कारण तो यू.एस. ५० च्या शेजारी आला असता. आपल्याकडे तो विचार झाला नाही. त्यामुळे जुनी खरेदीखते, भूसंपादनाच्या ३ ए आणि ३ डी खालच्या अधिसूचना, न्यायालयातले दावे, रस्त्यालगतच्या बांधकामांच्या परवानग्या, सगळीकडे जुना आकडा पक्का बसला आहे आणि पाटीवर नवा. वकील आणि तलाठी यातून वाट काढतात. आम्हाला काळजी आहे ती अपघातांच्या नोंदींची.

अपघातप्रवण क्षेत्राची केंद्रीय मंत्रालयाची व्याख्या आपल्या सर्वांना ठाऊक आहे: राष्ट्रीय महामार्गावरचा सुमारे ५०० मीटरचा पट्टा, जिथे तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले. पाचशे मीटर म्हणजे एका किलोमीटर दगडापासून पुढच्या दगडापर्यंतच्या अंतराचा निम्मा भाग. एवढ्या छोट्या पट्ट्यात पाच नोंदी एकत्र यायच्या असतील, तर पाचही नोंदींतली जागा एकाच मापाने लिहिलेली हवी. प्रत्यक्षात काय होते? पोलिसांच्या फिर्यादीत जागा येते एखाद्या ढाब्यासमोरची नाहीतर फाट्याजवळची, आणि रस्त्याचे नाव मुंबई-आग्रा महामार्ग असे. देखभालीच्या कंत्राटदाराची नोंद प्रकल्पाच्या साखळी क्रमांकाने. बाजूपट्टीवर उभा असलेला दगड कधी तिसराच आकडा सांगतो, कारण बाह्यवळण झाल्यावर लांबी बदलली आणि दगड जुन्या मोजणीचे राहिले. एकाच वळणावरच्या पाच अपघातांपैकी दोन एका आकड्यावर, दोन दुसऱ्यावर आणि एक निव्वळ ढाब्याच्या नावावर गेला, तर ते वळण यादीत येणारच नाही. यादीत नाही म्हणून त्याचे अंदाजपत्रक नाही, अंदाजपत्रक नाही म्हणून तिथे दुभाजकाची दुरुस्ती नाही, रंबल पट्ट्या नाहीत, दिवा नाही.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यातली ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर आणि द्रुतगती मार्गांवर. देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्ग दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. हे आकडे समोर ठेवले की साखळी क्रमांक ही कार्यालयीन बाब उरत नाही.

कोणी म्हणेल, आता ई-डार प्रणालीत पोलीस अंमलदार मोबाइलवरून अक्षांश-रेखांश नोंदवतो, मग दगड कशाला? नोंद जागेवर उभे राहून केली तर तो बिंदू खरा, आणि त्याचा उपयोग मोठाच आहे. पण दुरुस्तीचा आदेश, कंत्राट, मोजमाप पुस्तिका, देयक, हे सारे साखळी क्रमांकावरच चालते. बिंदू आणि साखळी यांची सांगड कुठेतरी घालावीच लागते, आणि ती घालणारा कनिष्ठ अभियंता कोणत्या शून्यापासून मोजतो यावर पुढचे सगळे ठरते. शिवाय रात्री दोन वाजता १०३३ किंवा १०८ ला फोन लावणाऱ्या माणसाच्या हातात अक्षांश-रेखांश नसतात. समोरचा दगड त्याला दिसतो.

हे नीट होऊ शकते याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. समृद्धी महामार्गाचा शून्य नागपूरजवळ शिवमडक्याला, शेवट आमण्याला ७०१ वर. रस्ता एका संस्थेने एका मोजणीत बांधला. त्यामुळे अपघाताच्या बातमीतसुद्धा जागा ‘चॅनल नंबर’ने येते. वार्ताहर, रुग्णवाहिकेचा चालक, महामार्ग पोलीस, सगळे तोच आकडा बोलतात. तो आकडा त्यांना कोणी शिकवायला गेले नव्हते. रस्त्याच्या कडेला तो एकच होता, एवढे पुरेसे ठरले.

याउलट ६६ पाहा. वाहनचालकाला पळस्पे फाट्यावरून सावंतवाडीपर्यंत तो एकच रस्ता. आपल्या दप्तरी पनवेल-इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि पुढचा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. दोन यंत्रणा असणे यात गैर काही नाही. पण फलकांची शैली, आकड्यांची उंची, ढालीच्या आकाराचे मार्गचिन्ह किती अंतराने लावायचे, यात इंदापूरच्या अलीकडे-पलीकडे फरक पडू नये एवढी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे? मार्गचिन्हांसाठी आयआरसी २ आहे, किलोमीटर दगडांसाठी आयआरसी ८ आहे, फलकांसाठी आयआरसी ६७ आहे. ही मानके इंडियन रोड्स काँग्रेसची, आणि ती काँग्रेस १९३४ साली जन्माला आली ती मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाया घातल्यावर. रस्त्यांची राष्ट्रीय, राज्य, प्रमुख जिल्हा, इतर जिल्हा आणि ग्रामीण अशी जी उतरंड आपण रामा, प्रजिमा, इजिमा म्हणत रोज वापरतो, ती १९४३ च्या नागपूरच्या परिषदेत ठरली. रस्त्याला दर्जा आणि ओळख देण्याचे काम या भूमीत अभियंत्यांनीच केले आहे. ते राजपत्र काढणाऱ्यांवर सोडून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

गेल्या दशकात राज्य महामार्गांचे तुकडे जोडून नवे राष्ट्रीय महामार्ग झाले, तिथे गुंता सर्वात जास्त आहे. ५४८सी साताऱ्याहून निघतो आणि टेंभुर्णी, बार्शी, केज, माजलगाव, लोणार, मेहकर, खामगाव असा विदर्भात शिरतो. इतक्या तालुक्यांतून गेलेल्या रस्त्यावर प्रत्येक तुकड्याची जुनी मोजणी वेगळी. दगडाचे डोके हिरव्याचे पिवळे केले आणि खालचा आकडा तसाच ठेवला, असे होऊ शकते तिथे ते झालेले आहे. पालखी मार्गांचीही आठवण करून देतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मार्ग ९६५, तुकाराम महाराजांच्या पालखीचा ९६५जी, दोन्ही ६५ चे फाटे. आषाढीला या रस्त्यांवर लाखो माणसे पायी असतात. दिंडीतला कोणी चक्कर येऊन पडला तर आरोग्य पथकाला कुठे बोलवायचे, हे सांगणारा आकडा वाचता येण्याजोगा आणि खरा असला पाहिजे.

आता थेट वाचकांशी. स्पेसिफिकेशनमध्ये फलक, पट्टे आणि दगड ८००व्या विभागात येतात, म्हणजे जीएसबी, डब्ल्यूएमएम, डांबरी थर असे सारे झाल्यावर. अंदाजपत्रकात ते शेवटी, कामात शेवटी, आणि निधी कमी पडला की कात्री लागते तीही तिथेच. पुलाचा एखादा गर्डर गाळून कोणी काम पूर्णत्वाचा दाखला देणार नाही. मार्गचिन्हांविना रस्ता मात्र सर्रास ताब्यात घेतला जातो. ताबा घेताना कार्यकारी अभियंत्यांनी एक तक्ता मागावा: जुना क्रमांक व जुनी मोजणी, प्रकल्पाची साखळी, नव्या क्रमांकाची साखळी, आणि दर किलोमीटरला अक्षांश-रेखांश. तो हद्दीतल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात पोहोचवावा. दोन महामार्ग काही अंतर एकत्र चालत असतील तिथे दोन्ही क्रमांक दाखवावेत, पण मोजणी एकाचीच ठेवावी आणि कोणाची ते दगडावर लिहावे. सल्लागारांनी सविस्तर प्रकल्प अहवालातच शून्य कुठे आहे ते पहिल्या पानावर सांगावे.

या कामात एका गटाची मदत होऊ शकते, तिच्याकडे आपण आजवर पुरेसे पाहिलेले नाही. रस्त्यांची आवड असलेली पुष्कळ तरुण मंडळी सुटीच्या दिवशी दुचाकीवरून फिरत दगडांचे फोटो काढतात, कोणता फलक अजून १७ लिहितो आणि कोणता ६६ याच्या नोंदी ठेवतात, नकाशांवर दुरुस्त्या करतात. त्यांच्याकडच्या काही नोंदी आमच्या पाहण्यात आल्या. त्यात जागा, तारीख आणि दिशा इतक्या काटेकोर होत्या की उपविभागाच्या नोंदवहीत तशा सापडणे कठीण. त्यांनी चूक दाखवली की ती तक्रार समजू नये. विनामोबदला झालेली पाहणी समजावी आणि उपअभियंत्याने जागेवर जाऊन तपासावी.

पुढच्या अंकापासून या मासिकात येणाऱ्या प्रत्येक प्रकल्पलेखात रस्त्याचा नवा क्रमांक, जुना क्रमांक आणि मोजणीचा शून्य बिंदू या तीन गोष्टी पहिल्या परिच्छेदात असतील. नसल्यास लेख लेखकाकडे परत जाईल. ज्या विभागांनी वर सांगितलेला तक्ता तयार केला असेल, त्यांनी तो आमच्याकडे पाठवावा. आम्ही तो पूर्ण छापू, मग त्याला कितीही पाने लागोत.