विश्लेषण : तिजोरीची चावी मतदारांच्या हाती? कॅलिफोर्नियाच्या जेसी अनरू यांनी एका दुर्लक्षित पदाचे काय केले?

महाराष्ट्र सरकारला कर्ज काढायचे असले की रिझर्व्ह बँक राज्याच्या रोख्यांचा लिलाव करते. अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तिथल्या बहुतांश राज्यांत कोषाध्यक्ष, म्हणजे 'स्टेट ट्रेझरर', थेट जनतेतून निवडून येतो. त्यालाही प्रचार करावा लागतो, पक्ष सांभाळावा लागतो आणि निवडणुकीसाठी पैसा उभा करावा लागतो. राज्याचा पैसा सांभाळणाऱ्याने स्वतःच्या प्रचारासाठी पैसा कुणाकडून घ्यावा? जेसी अनरू यांच्या कारकीर्दीने हा प्रश्न ठळकपणे पुढे आणला.

कोषाध्यक्ष नेमके करतो काय?

कॅलिफोर्नियात अर्थसंकल्प गव्हर्नर मांडतो. देयके चुकती करण्याचे काम कंट्रोलरचे, आणि तोही निवडून आलेलाच असतो. कोषाध्यक्ष राज्याचा शिल्लक पैसा गुंतवतो आणि राज्याचे रोखे विकतो. सरकारी कर्मचारी आणि शिक्षक यांच्या दोन अवाढव्य पेन्शन निधींच्या मंडळांवर तो पदसिद्ध सदस्य असतो. एवढे सगळे हाती असूनही हे पद फारसे कुणाच्या डोळ्यांत भरत नसे. अनरू यांच्या आधी तिथे आयव्ही बेकर प्रीस्ट होत्या. आयझेनहॉवर यांच्या काळात त्या देशाच्या ट्रेझरर होत्या आणि डॉलरच्या नोटांवर त्यांची सही असे. म्हणजे पदाला मान होता, पण त्यात सत्ता आहे असे कुणी मानत नव्हते.

अनरू इथे कसे पोहोचले?

खरे तर हरून. १९२२ मध्ये कॅन्ससमध्ये जन्म, टेक्ससमध्ये गरिबीत बालपण, दुसऱ्या महायुद्धात नौदलात नोकरी, मग लॉस एंजेलिसमध्ये शिक्षण. १९५४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून ते राज्याच्या विधानसभेत गेले आणि १९६१ मध्ये सभापती झाले. 'बिग डॅडी' हे त्यांचे टोपणनाव. अर्थसंकल्पावर मतदान करायला तयार नसलेल्या रिपब्लिकन आमदारांना त्यांनी १९६३ मध्ये रात्रभर सभागृहात कोंडून ठेवले होते. 'पैसा हे राजकारणाचे आईचे दूध आहे' हे प्रसिद्ध वाक्य त्यांचेच. हितसंबंधीयांकडून आलेला निधी स्वतःच्या हातून इतर उमेदवारांना वाटायचा आणि त्यातून सभागृहावर पकड ठेवायची, ही त्यांची पद्धत होती.

तरीही केवळ पैशाचे राजकारणी म्हणून त्यांना मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल. दुकाने, हॉटेले आणि इतर व्यवसायांत वंश, वर्ण, धर्म यांवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा १९५९ चा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. जातिभेदाला स्पष्ट बंदी घालू पाहणारे २०२३ चे बहुचर्चित विधेयक ज्या कायद्यांत दुरुस्ती करणार होते, त्यांत हा 'अनरू कायदा'ही होता. विधिमंडळाने ते विधेयक मंजूर केले, पण गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला.

१९७० मध्ये गव्हर्नरपदाच्या लढतीत रोनाल्ड रेगन यांनी त्यांना हरवले. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसचे महापौरपदही हुकले. १९७४ मध्ये ते कोषाध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा ही राजकीय निवृत्ती वाटावी अशीच परिस्थिती होती.

मग पद एवढे ताकदवान कसे झाले?

रोखे दोन प्रकारे विकता येतात. एक, खुल्या बोलीने. दुसरा, वाटाघाटीने, म्हणजे रोखे आधी स्वतः घेऊन पुढे गुंतवणूकदारांना विकणारी कंपनी सरकारच निवडते. या दुसऱ्या प्रकारात निवडणाऱ्याचे महत्त्व आपोआप वाढते. अनरू यांनी रोखे काढणाऱ्या राज्याच्या अनेक मंडळांवर आपल्या पदाला जागा मिळवली. पाठोपाठ वॉल स्ट्रीटच्या कंपन्यांच्या देणग्या त्यांच्या निवडणूक निधीत येऊ लागल्या. यात बेकायदा काही नव्हते. आक्षेप होता तो नेमका यालाच.

दुसरीकडे, याच माणसाने वॉल स्ट्रीटला घामही फोडला. १९८४ मध्ये टेक्साको कंपनीने बास बंधूंचा हिस्सा बाजारभावापेक्षा चढ्या दराने, सुमारे १.३ अब्ज डॉलर मोजून परत घेतला. इतर भागधारकांना तो दर मिळाला नाही आणि त्यांत कॅलिफोर्नियाचे पेन्शन निधीही होते. हा पैसा शिक्षकांचा आणि कर्मचाऱ्यांचा आहे, मग कंपनीला जाब का विचारू नये, अशी भूमिका घेत अनरू यांनी न्यूयॉर्क शहराचे कंट्रोलर हॅरिसन गोल्डिन यांच्यासह इतर निधींना एकत्र आणले. १९८५ मध्ये 'कौन्सिल ऑफ इन्स्टिट्यूशनल इन्व्हेस्टर्स' स्थापन झाली. पेन्शन निधी आज कंपन्यांच्या सभांत संचालकांना धारेवर धरतात, त्या प्रथेला बळ मिळाले ते इथून. हे काम एखाद्या नेमलेल्या अधिकाऱ्याने अंगावर घेतले असते का, याबद्दल शंकाच आहे. मतांच्या जोरावर आलेल्या माणसाला ते परवडले.

देणग्यांचे पुढे काय झाले?

नियम आले, पण अनरू यांच्या हयातीनंतर. रोखेबाजाराच्या नियामक मंडळाने १९९४ मध्ये ठरवले की, काम देण्याचा अधिकार असलेल्या पदाधिकाऱ्याला कंपनीने किंवा तिच्या संबंधित अधिकाऱ्यांनी देणगी दिली, तर त्या सरकारचे वाटाघाटीचे काम कंपनीला दोन वर्षे मिळणार नाही. अपवाद फक्त मतदानाचा हक्क असलेल्या अधिकाऱ्याने दिलेल्या २५० डॉलरपर्यंतच्या देणगीचा. पेन्शन निधींच्या गुंतवणूक सल्लागारांना अशीच वेसण २०१० मध्ये घातली गेली. काही राज्यांनी तर पदालाच सुट्टी दिली. टेक्ससचे कोषाध्यक्षपद १९९६ मध्ये संपले, तेही ते पद रद्द करा असा प्रचार करणाऱ्या कोषाध्यक्षाच्याच काळात. मिनेसोटाने २००३ मध्ये तेच केले.

कॅलिफोर्नियात मात्र उलटे घडले. ४ ऑगस्ट १९८७ रोजी अनरू यांचे पदावर असतानाच निधन झाले आणि रिकाम्या खुर्चीसाठी रण पेटले. रिपब्लिकन गव्हर्नर जॉर्ज ड्यूकमेजियन यांनी डॅन लंग्रेन यांचे नाव पुढे केले. विधानसभेने होकार दिला, सिनेटने नकार. वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८८ मध्ये निकाल सिनेटच्या बाजूने लागला. शेवटी महालेखापरीक्षक थॉमस हेज यांची नेमणूक झाली. १९९० च्या निवडणुकीत त्यांना कॅथलीन ब्राऊन यांनी हरवले. त्यांचे वडील पॅट ब्राऊन गव्हर्नर असताना विधानसभेच्या सभापतिपदी होते जेसी अनरू.