क्यूआर कोडांचा खजिनाशोध

आमच्या विद्यार्थिमित्रांस खजिनाशोधाचा खेळ नवा नाहीं. पूर्वीं चिठ्ठ्या झाडाच्या ढोलींत अथवा बाकाखालीं लपवीत असत. आतां त्यांची जागा क्यूआर कोडानें घेतली आहे. मोबाइल समोर धरावा, प्रश्न वाचावा, व पुढील स्थळ शोधीत धांवावें. खेळ रंजक खरा. परंतु त्यांतून शिक्षण केव्हां घडतें व नुसती धांवाधांव केव्हां होते, याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

हा काळापांढरा चौकोन शाळेकरितां जन्मास आलेला नाहीं. १९९४ सालीं जपानांत मासाहिरो हारा व त्यांचे सहकारी यांनीं मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्याकरितां तो सिद्ध केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील ठळक चौकोनांमुळें तो तिरपा धरला तरी वाचतां येतो. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या शाळेंत रणजितसिंह डिसले गुरुजींनीं पाठ्यपुस्तकांस असे कोड जोडले, व २०२० सालीं त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हें पुष्कळांस ठाऊक असेलच.

आतां मुख्य मुद्दा. वडाच्या खोडावर कोड लावावा, त्यांत वडाची माहिती भरावी, मुलांनीं ती कागदावर उतरून घ्यावी व पळावें, असा प्रकार पुष्कळदां होतो. त्यांत वडाकडे कोणीच पाहत नाहीं! आमच्या मतें कोडांत उत्तर नसावें, प्रश्न असावा. आणि उत्तर त्या वस्तूपाशींच सांपडावें. किती पारंब्या जमिनींत रुजल्या आहेत तें मोजा. ध्वजस्तंभापाशीं एक मीटर काठी उभी करा, तिची व स्तंभाची सावली मोजा, आणि स्तंभाची उंची काढा. दहा वाजतां गेलेल्या गटाची सावली बारा वाजतां गेलेल्या गटाशीं जुळणार नाहीं. उंची मात्र जुळली पाहिजे. ती न जुळल्यास जो वाद माजेल, त्यांत भूमितीचा एक तास सहज निघून जाईल.

दुसरी गोष्ट मोबाइलची. कित्येक घरांत तो एकच असतो, व तोही वडील कामावर घेऊन जातात. ‘प्रत्येकानें आपला आणावा’ अशी सूचना फळ्यावर लागली, कीं वर्गांतील कांहीं मुलें त्या दिवशीं आजारी पडतात. हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. पांच जणांच्या गटास शाळेचा एक मोबाइल पुरे, आणि प्रत्येक थांब्यावर तो धरणारा बदलावा. इंटरनेटचीही जरूर नाहीं. लहानसा प्रश्न कोडांतच साठवितां येतो. बक्षीसही प्रथम पोंचणाऱ्यास न देतां ज्याची नोंद नीट त्यास द्यावें.

रस्त्यांतील अनोळखी कोड मुलांनीं उघडूं नयेत, हें पालकांनीं घरीं अवश्य सांगावें. आणि खेळाच्या दिवशीं सवड काढून शाळेंत यावें. मोजपट्टीचें दुसरें टोंक धरावयास एक हात नेहमींच कमी पडतो.