बंब येण्यापूर्वी

१९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पिंपरीच्या माळावर यंत्रयुग अवतरले. १९७० मध्ये नगरपालिका आली, १९८२ मध्ये महानगरपालिका. अग्निशमन केंद्रे निघाली. मोठ्या कारखान्यांनी स्वतःची पथकेही उभारली. परंतु ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे, वाढदिवसाच्या केकवरील शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या लहानशा कारखान्यास आग लागली, तेव्हा पोटासाठी राबणाऱ्या अनेक स्त्रिया होरपळून मृत्युमुखी पडल्या. मोठ्यांसाठी असलेले संरक्षण त्या शेडपर्यंत पोहोचलेच नव्हते.

२००६ च्या राज्य कायद्याने अग्निसुरक्षेचे दायित्व मालकावर व भोगवटादारावर टाकले आहे. त्याची अंमलबजावणी कठोरपणे व्हावी, हे उघडच आहे. पण आग कायद्याची वाट पाहत नाही, बंबाचीही नाही. पहिली काही मिनिटे शेजाऱ्यांच्याच हाती असतात. हे ओळखूनच जर्मनीत गावोगावी नागरिकांची स्वयंसेवी अग्निशमन दले आहेत; त्यांत सुमारे दहा लाख स्त्री-पुरुष सेवा करतात. सुतार, शिक्षक, शेतकरी हातातले काम टाकून धावतात, ते रीतसर शिक्षण घेतलेले असतात म्हणून.

तळवडे, चिखली, भोसरी, चाकण येथील प्रत्येक औद्योगिक वस्तीत अशी पथके का नसावीत? मोठ्या कारखान्यांनी शिकवावे, महानगरपालिकेने व नगरपरिषदेने साधने द्यावीत. १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटांत बळी पडलेल्या ६६ अग्निशामकांना आपण दरवर्षी १४ एप्रिलला वंदन करतो. येत्या १४ एप्रिलला त्या वंदनासोबत या शिक्षणाचा प्रारंभ व्हावा. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय आता मोडलीच पाहिजे.